दुसरी सुई

डॉक्टर हरी सोमणांना फुशारकी मारायची सवय नव्हती. उभ्या आयुष्यात त्यांनी ती एकदाच मारली, आणि भोवली मात्र दुसऱ्याच्या पोटाला.

इस्लामपुरात स्टँडच्या मागच्या रस्त्याला त्यांचं छोटं हॉस्पिटल होतं. सोमण मूळचे सांगलीचे. पण सांगलीत ओळखीची माणसं फार, आणि ओळखीच्या माणसांसमोर त्यांना बोलायला सुचत नसे, म्हणून ते इथं आले. इथंही फारसं सुचलं नाही. पण सर्जनला बोलावं कमीच लागतं. त्यांचा हात चांगला होता. हर्निया, अपेंडिक्स, पित्ताचे खडे घेऊन माणसं येत आणि बरी होऊन उसाच्या रानात परत जात. केबिनमध्ये खुर्चीमागे पुस्तकांचं कपाट होतं. पेशंट बाहेर पडला की डॉक्टर उठून पुस्तक काढत आणि आपण सांगितलं ते बरोबरच होतं ना, हे पुन्हा बघत. सत्तरीला आले तरी ही सवय गेली नव्हती. त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई म्हणायच्या, "अहो, तुमच्यापेक्षा त्या पेशंटलाच तुमची जास्त खात्री असते."

अशा माणसाला मोठ्या आवाजाचे नातेवाईक फार जड जातात. ऑपरेशन म्हणजे नुसतं कापणं आणि शिवणं नव्हे, अशी या भागातल्या लोकांची पक्की समजूत. ऑपरेशन म्हणजे चार-पाच दिवस टांगलेली सलाईनची बाटली आणि सकाळ-संध्याकाळ जंतू मारणारी सुई. भेटायला आलेला पाहुणा शहाळं टेकवायच्या आधी विचारणार, "किती सुया झाल्या?" आणि पेशंट कण्हत का होईना, पण मोठा आकडा सांगून जरा ताठ बसणार. पुस्तकात वेगळं लिहिलं होतं, ते डॉक्टरांना ठाऊक होतं. पण समजावत कोण बसणार? कोणी "भारीतलं लावा" म्हटलं की ते मान डोलवत आणि भारीतलं लावत. सारी वर्षं अशीच गेली होती.

मग त्यांची सून श्रद्धा आली. तीही सर्जन. नवरा बाहेरगावी नोकरीला, पण तिनं सासऱ्यांचं हॉस्पिटल धरलं. ती आली त्याच वर्षी जतकडचा गुंडा नावाचा एक मेंढपाळ पाय सुजवून आला. जखम साधी काट्याची. पण वाटेतल्या गावोगावच्या दवाखान्यांत त्याला आज हे, उद्या ते, असं एकेक भारी औषध टोचून झालेलं. पू तपासायला पाठवला. उत्तर आलं, त्याच्या जंतूंवर हाताशी असलेलं एकही औषध चालत नाही. पाय कापला, तरी गुंडा गेला. त्याची बायको बाहेर जमिनीवर बसून कानडीत रडत होती. श्रद्धा केबिनमध्ये आली आणि म्हणाली, "बाबा, जंतूंची ही जात आपणच पाळलीय. गरज नसताना रोज थोडं थोडं औषध पाजून. आपल्यासारख्यांनीच."

"आपल्यासारख्यांनी" म्हणताना तिनं सासऱ्यांकडे पाहिलं नाही. त्यांना ते बघण्यापेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर तिनं ऑपरेशन थिएटरच्या दाराशी एक फळा लावला. त्यावर खडूनं ठळक लिहिलं: 'इंजेक्शन कापण्याआधी तासाभरात. उशीर झाला तर पुन्हा. ऑपरेशननंतर नाही.' कारण सोपं होतं. सुरी लागते त्या घटकेला रक्तात औषध भरलेलं हवं. फार आधी दिलं तर ते उतरून जातं आणि नंतर पाच दिवस टोचूनही हुकलेली वेळ भरून येत नाही. डॉक्टर सोमणांनी फळा वाचला, मान डोलवली आणि मनात म्हटलं, हे मी केव्हाच करायला हवं होतं. पेशंट आधी कुरकुरले, मग बरे होऊन घरी गेले. हळूहळू कुरकुर थांबली.

तर ती फुशारकी.

नदीकाठच्या एका गावचे हंबीरराव, पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले, पत्नी रंगूबाईंना घेऊन आले. बेंबीपाशी मोठा हर्निया. आत जाळी बसवून शिवायचं ठरलं. श्रद्धा तेव्हा वडिलांच्या आजारपणासाठी साताऱ्याला माहेरी गेली होती, म्हणून बोलायचं काम डॉक्टरांवर आलं. केबिनमध्ये हंबीरराव, रंगूबाई आणि हंबीररावांचे धाकटे भाऊ लालासाहेब बसले होते. लालासाहेब म्हणजे गावच्या पारावरचं मुख्य तोंड.

"तर डॉक्टर, किती दिसाचा कोर्स?" लालासाहेबांनी विचारलं.

"कोर्स नाही. ऑपरेशनच्या आधी एक इंजेक्शन. नंतर गरज नसते."

"येकच?" लालासाहेबांनी भावाकडं पाहिलं. "आवं, गेल्या साली आमची म्हस अडली, तवा डॉक्टरानं तिला तीन टोचल्या. वैनीला येक? म्हंजे म्हशीपरीस बी वैनी सस्त्यात!"

रंगूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. हंबीररावांच्या मिशा हलल्या. दाराशी उभी असलेली क्रांती सिस्टरसुद्धा खाली मान घालून हसली. एरवी अशा वेळी डॉक्टर माघार घेत. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. कदाचित श्रद्धा इथं असती तर ती डगमगली नसती, हे आठवलं असेल. कानाच्या पाळ्या गरम झाल्या आणि ते त्यांना स्वतःलाही अनोळखी वाटणाऱ्या आवाजात म्हणाले, "एक म्हणजे एकच. दुसरी सुई दिली तर सोमण नाव लावणार नाही!"

मग हंबीररावांनी मांडीवर थाप मारली. "ह्येला म्हंत्यात गडी! लाल्या, आता गप ऱ्हा. डॉक्टरानं जबान दिली."

डॉक्टर त्या दिवशी घरी गेले ते जरा छाती पुढं काढून. जेवताना त्यांनी शकुंतलाबाईंना हा किस्सा सांगितला, आणि थोड्या वेळानं पुन्हा सांगितला.

ऑपरेशनच्या सकाळी सगळं वेळेवर होतं. भूल देणारा डॉक्टर निमिष सांगलीहून आला. रंगूबाईंना हिरवा झगा घातला. डॉक्टरांनी सांगितल्यावर क्रांतीनं वॉर्डात इंजेक्शन दिलं. आता स्ट्रेचर आत न्यायचं, तेवढ्यात हंबीरराव आडवे आले.

"डॉक्टर, जरा दमानं. देवाचा अंगारा याचाय. पुतन्या ज्योतिबा निघालाय गावातनं मोटारसायकलीवर. सकाळची पूजा झाल्याबिगर गुरव अंगारा देत न्हाई. आलाच बगा."

रंगूबाईंनी झोपल्या झोपल्या हात जोडले. "अंगारा लावल्याबिगर मला आत नगा नेऊ. माझ्या सासूच्या येळेपास्नं चालत आलंया."

यात काही वावगं नव्हतं. भ्यालेल्या बाईला कपाळावर चिमूटभर राख हवी असेल तर डॉक्टरानं घाई करू नये, असं सोमण मानत. "येऊ द्या," ते म्हणाले. निमिषला गावातच दुसऱ्या एका हॉस्पिटलात एक केस होती, तो ती उरकायला गेला. डॉक्टर हंबीररावांना घेऊन केबिनमध्ये बसले.

गळिताचे दिवस. साखर कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या दुहेरी ट्रॉल्या लागलेल्या, त्यातली एक उलटून सगळा रस्ता उसानं भरलेला. ज्योतिबा पलीकडं अडकला. त्याचे फोन येत राहिले, "आलोच." चहा झाला. हंबीररावांनी बर्फातल्या चौकीच्या गोष्टी काढल्या आणि डॉक्टर रमले. पुन्हा चहा झाला. बाहेरची ओपीडी रिकामी झाली. ज्योतिबा उसाच्या पाल्यानं भरलेल्या कपड्यांनिशी आला, तेव्हा ऊन माथ्यावरून कलायला लागलं होतं.

रंगूबाईंच्या कपाळाला अंगारा लागला आणि सगळी एकदम घाई सुरू झाली. डॉक्टर हात धुवायला निघाले. दाराशी फळा होता. 'उशीर झाला तर पुन्हा.' खडूची अक्षरं त्यांनी वाचली. वाचली नाहीत असं नंतर त्यांना कधीच म्हणता आलं नाही. सकाळचं औषध केव्हाच उतरणीला लागलं असणार, हे त्यांना कळलं. क्रांतीला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलंही. पण दारात लालासाहेब उभे होते, कमरेवर हात ठेवून. आता दुसरी सुई मागवली की लालासाहेब काय म्हणतील, ते त्यांना शब्दन् शब्द ऐकू आलं. ज्योतिबाला सांगतील. ज्योतिबा पारावर सांगेल. सोमण नाव लावणार नव्हते ना हो, मग आता कुठलं लावणार?

आत भूल देण्याआधी, परत आलेल्या निमिषनं नेहमीसारखं विचारलं, "सर, अँटिबायोटिक गेलं ना?"

"गेलंय," डॉक्टर म्हणाले.

निमिषला वाटलं, आत्ताच गेलं. त्यानं पुढं विचारलं नाही. डॉक्टरांनी मनाशी म्हटलं, थिएटर स्वच्छ आहे, हात स्वच्छ आहेत, थोडंफार औषध असेलच की अजून. आणि सुरी हातात घेतली. ऑपरेशन झकास झालं. टाके तर असे, की पुस्तकात चित्र छापावं.

घरी गेल्यावर आठवड्याच्या आतच रंगूबाईंना ताप भरला. परत आणलं तेव्हा जखम लाल, कडक, हात लावू देईना. तोवर श्रद्धा साताऱ्याहून परतली होती. दोघांनी मिळून जखम उघडली. पू जाळीपर्यंत उतरलेला. दोन दिवस वाट पाहिली, मग जाळी काढून टाकावी लागली. म्हणजे सगळं केलेलं पाण्यात. जखम आतून भरत यायला कित्येक आठवडे, आणि हर्निया पुढं पुन्हा येणार हे जवळपास ठरलेलं.

हात धुताना श्रद्धानं विचारलं, "बाबा, इंजेक्शन वेळेवर गेलं होतं ना?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

तिनं मान हलवली. पुन्हा विचारलं नाही, कागद काढून बघितले नाहीत, क्रांतीला बोलावलं नाही. सासऱ्यांनी हो म्हटलं म्हणजे हो. नळाचं पाणी वाहत होतं आणि डॉक्टर बराच वेळ एकच कोपर धूत राहिले.

त्या एका 'हो'नं पुढं त्यांचा पिच्छा पुरवला. रोज सकाळी ते स्वतः रंगूबाईंचं ड्रेसिंग करत. पट्टी काढताना त्या दात आवळत आणि वर म्हणत, "तुमचा हात लय हलका हाय बगा, डॉक्टर." तेवढं ऐकलं की डॉक्टरांना त्या दिवशी जेवण जात नसे. वॉर्डाबाहेर लालासाहेबांची बैठक बसायची. "मी म्हनत हुतो का न्हाई? येका सुईवर वैनीचं पोट! पुस्तकातलं पुस्तकात ऱ्हाऊ द्यावं. सातारची सून आली आनि नियम लावला." येणारे-जाणारे ऐकत. नवीन पेशंट येत ते आधीच हात जोडत, "बाई, आमाला येका सुईवर ठिवू नगासा." कोणी परस्पर मेडिकलमधून गोळ्या आणून उशीखाली ठेवू लागलं.

एका संध्याकाळी श्रद्धा घरी त्यांच्या खोलीत आली. डॉक्टर पुस्तक उघडून बसले होते. पान मात्र कितीतरी वेळ तेच होतं.

"बाबा, मी फळा उतरवते," ती म्हणाली.

"का?"

"लोकांचा विश्वास उडालाय. आणि खरं सांगू, माझाही उडालाय. सगळं नियमाप्रमाणे झालं, तुमच्यासारख्या माणसानं केलं, तरी असं झालं. म्हणजे इथल्या पेशंटना नियम पुरत नसेल. पहिल्यासारखे पाच दिवसांचे डोस सुरू करू. उद्या हंबीररावांची माफी मागते. आग्रह माझा होता, हे त्यांना सांगायला हवं."

"जंतू कुठून आले हे कोणी सांगू शकत नाही, श्रद्धा. सगळं नीट करूनही होतं कधी कधी."

हे खरं होतं. पुस्तकात असंच लिहिलं होतं. दोन आठवडे डॉक्टर याच खऱ्या वाक्याच्या आडोशाला बसले होते. खोटं बोलण्यापेक्षा असं खरं बोलणं फार सोयीचं, हे त्यांना या वयात नव्यानं कळत होतं.

"तेच तर म्हणतेय मी," श्रद्धा म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "गुंडा गेला तेव्हा मी किती तावातावानं बोलले तुम्हाला. तुम्ही एक शब्द न बोलता माझं ऐकलंत. मला आता त्याची लाज वाटते."

ती गेली. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. लाज तिला वाटत होती! त्यांच्या वाट्याची लाज ती उचलून घेऊन गेली होती, आणि त्यांनी ती जाऊ दिली होती.

सकाळी ड्रेसिंगच्या वेळी ती त्यांच्यासोबत वॉर्डात आली. पलंगाशी हंबीरराव स्टुलावर बसले होते, ज्योतिबा भिंतीला टेकून, लालासाहेब खिडकीत. क्रांती ड्रेसिंगचा ट्रे घेऊन उभी होती. श्रद्धानं हात पुढं बांधले. शाळेत शिक्षा घ्यायला उभी राहिलेली मुलगी दिसते तशी ती दिसली.

"हंबीरराव, मला तुम्हाला काही सांगायचंय. एकच इंजेक्शन द्यायचं, हा आग्रह माझा होता. त्याबद्दल मी..."

"श्रद्धाचं काही चुकलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. "श्रद्धाचं नाही. चूक माझी आहे."

मग लालासाहेब हसले, चांगल्या मनानं हसले. "बगा! ह्येला म्हंत्यात मोठं मन. सुनंवर आलं तर सासरा आडवा पडला. आमच्यात सासरं सुनंला म्होरं ढकलत्यात."

"देवमानूस हाय," हंबीरराव म्हणाले. रंगूबाईंनी पडल्या पडल्या हात कपाळाला लावला.

श्रद्धा खाली बघत होती. डॉक्टरांना एकदम हलकं वाटलं. बोललो की. आता ते मानत नाहीत त्याला मी काय करणार? आता ड्रेसिंग करावं आणि जावं. हा विचार त्यांच्या मनात पुरता उभा राहिला, आणि त्यांना स्वतःची अशी किळस आली की ट्रेमधला चिमटा त्यांनी परत ठेवून दिला.

"देवमाणूस म्हणू नका," ते म्हणाले. "ऐकून घ्या. त्या दिवशी इंजेक्शन सकाळी गेलं. मग आपण अंगाऱ्यासाठी थांबलो. दुपार झाली. औषध तोवर उतरतं. उशीर झाला तर दुसरं द्यायचं, हा या बाईंचाच नियम आहे, दाराशी लिहिलेला. मी तो वाचला. वाचूनही दिलं नाही."

हंबीररावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हळूच त्यांनी विचारलं, "म्हंजे आमच्या अंगाऱ्यापायी झालं?"

"नाही. थांबलो त्यात काही चुकलं नाही. आणखी चार तास थांबलो असतो तरी चाललं असतं. दुसरी सुई द्यायची, बस्स. दोन मिनिटांचं काम. तेवढी दिली असती तर हे टळलं असतंच, असंही मी शपथेवर नाही सांगू शकत. पण ती दिली नाही ती मी."

"का?" हंबीररावांनी विचारलं. एवढंच.

डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या त्या दिवशीसारख्याच तापल्या. "तुमच्यासमोर बोलून बसलो होतो ना. दुसरी दिली तर नाव लावणार नाही म्हणून. लालासाहेब दारात उभे होते. ते हसतील म्हणून... मला लाज वाटली."

बाहेर कुणाच्या तरी स्ट्रेचरची चाकं करकरत गेली. लालासाहेबांनी खिडकीतून पाय खाली घेतले. शेवटी रंगूबाईच उशीवरून मान उचलून बोलल्या.

"आवं डॉक्टर, सुई मला टोचायची हुती. मी हसले असते व्हय?"

डॉक्टरांनी मान खाली घातली.

"आनि ह्यो लाल्या," त्या दिराकडं बघून म्हणाल्या, "ह्यो मर्तिकात बी हसतोय. ह्येच्या हसन्याला भिऊन माझं पोट उसवलं तुमी?"

हंबीरराव उठले. उंच माणूस, उठला की खोली लहान व्हायची. "पोटाचं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "चुकतं मानूस. मी बी पहाऱ्यावर एकदा डुलकी घेतली हुती, सायबाला सांगितलं, शिक्षा खाल्ली. पर डॉक्टर, तुमी इतकं दिस गप बसला. ही पोर माफी मागाय उभी ऱ्हाईपत्तूर गप बसला. आनि आमी तुमाला देवमानूस म्हनतोय." ते ज्योतिबाकडं वळले. "चल रं, भाईर बसू." दारात थांबून, मागं न बघता, ते श्रद्धाला म्हणाले, "बाई, हितनं म्होरं तिची पट्टी तुमी करा."

श्रद्धानं ट्रे ओढून घेतला. डॉक्टर भिंतीशी उभे राहिले. तिनं पट्टी उलगडली, जखम धुतली, नवी बांधली. त्यांच्याकडं तिनं एकदाही पाहिलं नाही.

केबिनमध्ये आल्यावर मात्र तिनं दार लावलं. "मी विचारलं होतं तुम्हाला. हात धुताना."

"इंजेक्शन वेळेवर गेलं होतं," डॉक्टर पुटपुटले. "कापायला उशीर झाला." शब्द तोंडातून बाहेर पडले आणि ते स्वतःचेच शब्द ऐकत उभे राहिले.

"असलं उत्तर मी परीक्षेत दिलं असतं तर तुम्ही मला नापास केलं असतं, बाबा."

"हो."

"आता हो म्हणताय."

ती बाहेर गेली. फळा तिनं उतरवला नाही. उलट तिसऱ्या ओळीखाली चौथी लिहिली: 'सुरी धरणाऱ्यानं इंजेक्शनची वेळ मोठ्यानं विचारावी.' कोणाचं नाव लिहिलं नव्हतं. पण थिएटरमध्ये जाणारा प्रत्येक जण ती ओळ वाचताना ती कोणासाठी आहे हे जाणत होता. बरेच दिवस ती सासऱ्यांशी कामापुरतंच बोलली. शकुंतलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दुसऱ्यांदा सांगितला होतात तो किस्सा, तेव्हाच मला धास्ती वाटली होती." वरण वाढून आत गेल्या.

रंगूबाई घरी गेल्या. पोटावर पुन्हा उंचवटा दिसू लागला, तो घेऊन पट्ट्यावर भागवत राहिल्या. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा ऑपरेशन करायचं ठरलं, ते श्रद्धानं. तपासायला त्या येत तेव्हा बाकड्यावर बसून येईल त्याला सगळी कथा सांगत. त्यांच्या सांगण्यात राग नसे, पण काही गाळलेलंही नसे. "तर डॉक्टर म्हनलं, दुसरी दिली तर नाव लावनार न्हाई..." बाकड्यावर हशा पिकायचा. केबिनच्या दाराआड डॉक्टरांना तो ऐकू येई. ज्या हसण्याला ते भ्याले होते ते आता तालुकाभर झालं होतं. दार लावून घ्यायचं त्यांनी दोन-तीनदा मनात आणलं. लावलं नाही.

श्रद्धा त्यांना सुरी देईल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. पण एके दिवशी ती म्हणाली, "लोणंदचे जयराज आलेत, हर्निया. तुमच्याच ओळखीनं आलेत. तुम्ही करा." बाजारात कांद्याचा व्यापार करणारा धडधाकट माणूस. त्याला इंजेक्शन दिलं, आणि वीज गेली. जनरेटरनं दगा दिला. माणूस बोलवावा लागला, दुरुस्ती होईपर्यंत बराच वेळ गेला. मग दिवे लागले. निमिषनं कमरेत भूल दिली. जयराज जागाच होता, छतावरच्या दिव्याकडं बघत पडलेला.

डॉक्टरांनी हातमोजे चढवले. श्रद्धा समोर मदतीला उभी होती.

"क्रांती," डॉक्टरांनी मोठ्यानं विचारलं, "इंजेक्शन कधी दिलं?"

क्रांतीनं वेळ सांगितली.

"उशीर झालाय. दुसरं द्या."

टेबलावरून जयराजचा आवाज आला. "डॉक्टर, ती रंगूमावशी भाईर सांगत हुती, दुसरी सुई दिली तर तुमी नाव बदलनार म्हनून. मग आता तुमाला काय हाक मारायची?"

निमिष फुसकन हसला. क्रांतीच्या हातातली सिरिंज हलली. मास्कच्या वर डॉक्टरांचे कान लालबुंद झाले, आणि ते सगळ्यांना दिसले. श्रद्धालाही दिसले. ती हसली नाही आणि तिनं नजरही काढून घेतली नाही.

"हाक नंतर मारा," डॉक्टर म्हणाले. "आधी सुई घ्या."

औषध शिरेत पुरतं जाईपर्यंत ते हात छातीशी धरून उभे राहिले. सुरीला त्यांनी तोवर हात लावला नाही.